सराफी पेढीची केवायसी: ग्राहकाची ओळख कशी तपासायची, रोखीचे नियम कसे पाळायचे

पेढीची सूत्रे नुकतीच हाती घेतलेले, ज्वेलरीचे नवे दुकान टाकणारे आणि अशा दुकानाच्या हिशेबाला नव्याने लागलेले, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. सराफ बाजारात केवायसी म्हटले की आधार आणि पॅनची झेरॉक्स काढून फायलीला लावणे, एवढाच अर्थ घेतला जातो. झेरॉक्स हवीच, पण कायद्याला हवे आहे ते वेगळे. समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, पैसा त्याचाच आहे का आणि दागिना तो कोणासाठी घेतो आहे, या तीन गोष्टींचा मेळ बसला पाहिजे. मेळ बसत नसेल तर फायलीत दहा कागद असूनही केवायसी झाली असे म्हणता येणार नाही.

काळ्या पैशाला सोने आवडते, याची कारणे साधी आहेत. थोड्या जागेत मोठी रक्कम मावते, वितळवले की जुनी ओळख पुसली जाते आणि कोणत्याही गावात त्याचे पुन्हा पैसे होतात. लाचेची, फसवणुकीची किंवा ऑनलाइन लुटीची रोकड एकदा पाटल्या-बांगड्यांत गेली आणि पुढे मोड, म्हणजे जुना दागिना, म्हणून दुसऱ्या दुकानात विकली गेली, की हातात येतो तो 'दागिने विकून आलेला' पैसा. या साखळीत आपल्या दुकानाचे बिल हा पुरावा ठरतो, म्हणून ते कोणाच्या नावावर फाडले याला महत्त्व आहे.

आपण कायद्याच्या कक्षेत येतो का?

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, म्हणजे पीएमएलए, २००२चा. तो १ जुलै २००५पासून लागू झाला. सुरुवातीला त्याचा भर बँका आणि वित्तसंस्थांवर होता. २८ डिसेंबर २०२०च्या अधिसूचनेने मौल्यवान धातू आणि रत्नांचे व्यापारी त्यात आले. अट अशी की एका ग्राहकाशी १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोखीचा व्यवहार होत असला पाहिजे. मग तो एका फटक्यात होवो, नाहीतर एकमेकांशी जोडलेले दिसणाऱ्या अनेक तुकड्यांत.

यातले 'जोडलेले दिसणारे' हे शब्द नीट वाचून ठेवा. बहुतेक पेढ्यांची गफलत तिथेच होते.

आता कोणीही विचारेल, दोन लाखांची रोकड घ्यायलाच बंदी असताना दहा लाखांचा प्रश्न येतोच कुठून? त्यासाठी रोखीचे तीन नियम वेगवेगळे समजून घ्यावे लागतात.

पहिला पॅनचा. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन घ्यायचा हा नियम १ जानेवारी २०१६पासून बाजाराच्या अंगवळणी पडला आहे. पैसे कार्डाने दिले, चेकने दिले किंवा रोख दिले तरी पॅन लागतो. ज्याच्याकडे पॅन नाही त्याच्यासाठी फॉर्म ६० आला.

दुसरा नियम रोख घेण्याच्या बंदीचा, आयकर कायद्याच्या कलम २६९एसटीने १ एप्रिल २०१७पासून आलेला. एका माणसाकडून एका दिवसात, एकाच व्यवहारापोटी किंवा एकाच प्रसंगापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. घेतली तर जितकी घेतली तितकाच दंड, आणि तोही घेणाऱ्याला, म्हणजे दुकानदाराला. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून जुन्या कायद्याच्या जागी येत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून दुकानातल्या पाटीवर किंवा फॉर्मवर क्रमांक आणि मर्यादा छापण्याआधी आपल्या सीएकडून ताज्या करून घ्या.

तिसरा नियम पीएमएलएच्या दहा लाखांचा.

आता लग्नसराईत घडणारा एक प्रकार बघा. मुलीच्या लग्नासाठी एकच कुटुंब येते. ठुशी, पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्र आणि कोल्हापुरी साज असे एकाच एस्टिमेटवर ठरते. पैसे द्यायच्या वेळी मात्र वडील, आई, मामा, काका, आजोबा आणि भाऊ अशा सहा नावांनी सहा बिले हवी असतात, प्रत्येकी १,९०,००० रुपयांची, सगळी रोख, तीन दिवसांत मिळून. प्रत्येक बिल वेगळे पाहिले तर ते दोन लाखांच्या आत आहे. पण एस्टिमेट एक, प्रसंग एक, आणि रोकड भरली ११,४०,०००. हे जोडलेले व्यवहार आहेत आणि पेढी पीएमएलएच्या कक्षेत आली. त्यातून सगळ्या नोटा वडिलांच्याच पिशवीतून निघाल्या असतील तर दोन लाखांचा नियमही मोडला, कारण बिलावरची बाकी नावे नुसती नावापुरती राहिली.

सोन्याच्या भावामुळे ही वेळ आता लवकर येते. एप्रिल २०२५मध्ये दहा ग्रॅमच्या भावाने लाखाचा टप्पा गाठला. दहा तोळ्यांची खरेदी सर्वसाधारण लग्नातही होते, आणि त्या भावाने तेवढ्यावरच दहा लाख पार होतात.

माझा सल्ला असा की एका प्रसंगाच्या खरेदीतली मोठी रक्कम बँकेतूनच घ्यायची, असा पेढीचा लेखी नियम करा आणि काउंटरवर तो दिसेल असा लावा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मी समजू शकतो. पण नियम सगळ्यांना सारखा असला की लोक तो मानतात. एकाला सूट दिली की दुसरा रागावतो.

दोन लाखांच्या आतली साधी रोख खरेदी असेल तर प्रत्येकाकडे आधार मागत बसायची गरज नाही. जानेवारी २०२१मध्ये अर्थ मंत्रालयाकडूनही हेच स्पष्ट झाले होते. नातवासाठी चांदीचा वाळा घ्यायला आलेल्या आजींकडे ओळखपत्र मागणे हा कायदा नव्हे. त्याने ग्राहकाला विनाकारण त्रास होतो आणि खऱ्या तपासणीची किंमतही कमी होते.

जबाबदारी कोणाची ते ठरवा

कक्षेत येत असाल तर दोन नेमणुका लागतात. नियुक्त संचालक म्हणजे एकंदर जबाबदारी घेणारा. एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर मालक, भागीदारी असेल तर व्यवस्थापकीय भागीदार. दुसरा प्रमुख अधिकारी. संशयास्पद व्यवहारांचा अहवाल तो पाठवतो. २०२३च्या दुरुस्तीने हा माणूस व्यवस्थापन पातळीवरचा असावा असे ठरले, म्हणून नव्याने लागलेल्या बिलिंगच्या मुलाचे नाव घालून मोकळे होता येत नाही.

त्यानंतर हे अहवाल घेणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, म्हणजे फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटच्या, बोलीभाषेत एफआययूच्या, फिनगेट पोर्टलवर पेढीची नोंदणी करायची. एफआययूची स्थापना नोव्हेंबर २००४मध्ये झाली आणि ती केंद्रीय अर्थ मंत्रालयाखाली काम करते. सराफांसाठी नियामक म्हणून केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ आहे. त्यांनी या व्यवसायासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या छापून प्रमुख अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा. आपल्या पेढीचे धोरण चार-पाच पानांचे, मराठीत, काउंटरवरच्या माणसाला समजेल असे लिहा. इंटरनेटवरून बँकेचे साठ पानी धोरण उतरवून नाव बदलून ठेवलेले मी पाहिले आहे. त्यात लॉकर आणि क्रेडिट कार्डाचे नियम असतात, मोडीचा उल्लेखही नसतो.

कागद हातात घेतल्यावर काय बघायचे

नियमांनुसार अधिकृत ओळखपत्रे ठरावीक आहेत: पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र, आधार असल्याचा पुरावा, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले नरेगाचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र. पॅन या यादीत नाही, तो स्वतंत्रपणे लागतो. सोसायटीचे ओळखपत्र, कंपनीचा बिल्ला किंवा मोबाइलमधला कार्डाचा फोटो चालत नाही.

मूळ कागद बघा, फोटो आणि चेहरा ताडून बघा, प्रतीवर 'मूळ प्रत पाहिली' असे लिहून तारीख आणि सही करा. आधार दिले असेल तर त्यावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, ॲपने स्कॅन करा. कार्डावर छापलेला मजकूर बदलता येतो, पण क्यूआरमधल्या माहितीवर यूआयडीएआयची डिजिटल सही असते, तिच्याशी खेळ केला की ॲप ती स्वीकारत नाही. ठशाने किंवा ओटीपीने आधारची खातरजमा करण्याचा अधिकार बँकांसारखा आपल्याला आपोआप मिळत नाही. सरकारने परवानगी दिलेल्या संस्थांनाच तो आहे. ठेवायच्या प्रतीवर आधारचे पहिले आठ आकडे झाकलेले असावेत. ग्राहकाला मास्क केलेले आधार डाउनलोड करून आणायला सांगितले की हे काम सोपे होते.

पॅनवरची दहा अक्षरे वाचायला शिका, कारण ती बरेच सांगतात. चौथे अक्षर धारक कोण ते दाखवते: पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे भागीदारी संस्था किंवा एलएलपी, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, टी म्हणजे ट्रस्ट. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे पहिले अक्षर असते. बिल एका व्यक्तीच्या नावाने मागितले आणि दिलेल्या पॅनचे चौथे अक्षर सी निघाले, तर तिथेच थांबून विचारायला हवे.

इथे एक काळजी मात्र घ्या. लग्नानंतर आडनाव बदलले तरी पॅनचा क्रमांक बदलत नाही. देशपांडेची कुलकर्णी झालेल्या मुलीच्या कार्डावर नाव कुलकर्णी आणि पाचवे अक्षर डी असेल. ते खोटे कार्ड नव्हे. तिच्या ओळखपत्रावर जुने नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद सोबत घेतली की नियमाची पूर्तता होते. लग्नाच्या गडबडीत अशा मुलीला परत पाठवणे, तेही नियम माहीत नसल्यामुळे, हे फार वाईट दिसते.

पत्त्याचेही तसेच. पुण्यात भाड्याने राहणाऱ्याच्या आधारवर बीडचा पत्ता असतो. अशा वेळी दोन महिन्यांच्या आतले वीज, टेलिफोन, पाइप गॅस किंवा पाण्याचे बिल, अथवा मालमत्ता कराची पावती तात्पुरती चालते. नव्या पत्त्याचे ओळखपत्र तीन महिन्यांत घ्यायचे असते. तारीख लिहून ठेवा, नाहीतर ते कधीच येत नाही.

ग्राहक म्हणून संस्था आली, म्हणजे एखादी कंपनी कर्मचाऱ्यांना दिवाळीला चांदीची नाणी देणार आहे किंवा दुसरा व्यापारी माल उचलतो आहे, तर जीएसटी क्रमांक बघा. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या संस्थेचा पॅन. दिलेला पॅन आणि जीएसटी क्रमांकात दडलेला पॅन जुळत नसतील तर कागद दोन वेगळ्या संस्थांचे आहेत. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही क्रमांक टाकून नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे ते दिसते. दोन मिनिटांचे काम आहे, पण घाऊक व्यवहारात ते टाळलेले फार दिसते.

संस्थेच्या मागे खरा मालक कोण हेही विचारायचे. कंपनीत, भागीदारीत आणि ट्रस्टमध्ये १० टक्क्यांची रेषा आहे. तिच्या वर ज्याचा हिस्सा आहे तो लाभार्थी मालक धरायचा. ही रेषा २०२३मध्ये खाली आणली गेली, म्हणून जुन्या फॉर्मवर २५ किंवा १५ टक्के छापलेले असेल तर तो फॉर्म बदला.

दहशतवादाशी संबंधित म्हणून संयुक्त राष्ट्रांनी आणि गृह मंत्रालयाने जाहीर केलेल्या नावांच्या याद्या ऑनलाइन मोफत मिळतात. मोठ्या व्यवहाराआधी नाव तिथे शोधा आणि शोधल्याची नोंद ठेवा. परदेशात सत्तेच्या मोठ्या पदावर असलेले किंवा राहिलेले ग्राहक आले तर मालकाच्या मंजुरीशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका.

पैसे कोठून आले?

बिल एकाचे आणि पैसे दुसऱ्याचे, हे आपल्याकडे रोज घडते आणि बहुतेक वेळा त्यात काही वावगे नसते. मुलीच्या दागिन्याचे पैसे बाप देतो, सुनेच्या गोटांचे सासू देते. नाते विचारा, बिलाच्या मागे एक ओळ लिहा, विषय संपला. पण पैसे एखाद्या कंपनीच्या खात्यातून आले आणि बिल त्रयस्थ व्यक्तीचे असेल, किंवा चार अनोळखी खात्यांतून एकाच बिलाचे तुकडे तुकडे जमा झाले असतील, तर खुलासा मिळेपर्यंत दागिना देऊ नका.

बँकेचे स्टेटमेंट रोज बघा, आणि नोंदीचा प्रकार वाचा. 'पैसे तुमच्या खात्यात भरलेत' असे ग्राहक सांगतो, रक्कम दिसतेही, पण नोंद 'बाय कॅश' अशी असते. म्हणजे त्याने पेढीच्या बँकेच्या शाखेत जाऊन पेढीच्या खात्यात रोकड भरली. ही रोखच आहे. खात्यातून खात्यात आलेली रक्कम नाही. खात्यात आली म्हणून ती रोखीच्या मर्यादेतून सुटत नाही.

दरमहा हप्त्याच्या सुवर्ण योजनेतही रोकड अशीच साचते. एकाच माणसाची पाच नावांनी पाच खाती नाहीत ना हे योजना सुरू करतानाच बघा, आणि हप्ते बँकेतूनच घ्या.

परदेशातून आलेल्या मंडळींकडून डॉलर किंवा दिरहम काउंटरवर घेऊ नका. त्यासाठी परकीय चलनाचा वेगळा परवाना लागतो.

मोड घेताना

मोडीबद्दल मी जास्त आग्रही आहे, कारण चोरीचा माल आणि काळा पैसा दोन्ही इथूनच आत शिरतात. मोड घेताना ओळखपत्र घ्या, दागिन्याचा वितळवण्याआधीचा फोटो काढा, वजन आणि कस लिहा, जुने बिल असेल तर त्याची प्रत ठेवा. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असणे बंधनकारक झाले. दागिन्यावर तो असेल तर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. दागिन्याचा प्रकार जुळतो का ते कळते. आजीच्या जुन्या गोटांवर एचयूआयडी नसणार, आणि बिलही नसणार. तिथे कोणाचे, किती वर्षांपूर्वीचे, घरात कसे आले, एवढे विचारून ग्राहकाच्या सहीने लिहून घ्या.

आणलेला माल दागिना नसून घरगुती ओतलेली लगड असेल, आणणारा तरुण असून सोन्याचा कस त्याला सांगता येत नसेल, आणि भाव न विचारता 'फक्त रोख द्या' म्हणत असेल, तर घेऊ नका.

शंका आली तर

शंकेची लक्षणे पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: या माणसाला हे सोने का हवे आहे, हे मला समजते आहे का? ज्याला घडणावळ, नग, डिझाइन यांत काहीच रस नाही आणि वजनच हवे आहे. पॅन म्हटल्यावर जो लगेच खरेदी १,९५,०००वर आणतो. जो एका हाती फोनवर कोणाला तरी विचारून उत्तरे देतो. ज्याच्या सांगण्यातला धंदा आणि पिशवीतली रोकड यांचा मेळ नाही. यातले एकच लक्षण असेल तर ते पुरावा नसते. दोन-तीन एकत्र आली की प्रमुख अधिकाऱ्याला सांगायचे.

काउंटरवरच्या मुलांना शब्द आधीच शिकवून ठेवा. 'काका, या रकमेला पॅन आणि ओळखपत्र लागतं. सगळ्यांकडून घेतो आम्ही. तोवर चहा घ्या, मी दागिने बाजूला काढून ठेवतो.' एवढे पुरते. 'तुमच्यावर संशय आहे' असे तोंडून जाता कामा नये. त्यात अपमान आहेच, शिवाय अहवाल पाठवणार आहोत किंवा पाठवला आहे हे ग्राहकाला कळू देणे कायद्याने चालत नाही. ही माहिती गुप्त ठेवायची असते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला, नात्यातल्या माणसाला किंवा शेजारच्या सराफालासुद्धा सांगायची नाही.

प्रमुख अधिकारी टिपण वाचतो आणि व्यवहार संशयास्पद वाटला तर विनाविलंब एफआययूला अहवाल पाठवतो. ग्राहक अर्ध्यातून उठून गेला, खरेदी झालीच नाही, तरी अशा प्रयत्नाचाही अहवाल जातो, आणि इथे रकमेची मर्यादा नाही. महिन्यातल्या दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल, जोडलेले व्यवहार धरून, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. सद्भावनेने दिलेल्या माहितीसाठी पेढीवर दावा किंवा खटला चालत नाही, असे संरक्षण कायद्यात आहे. अहवाल दिला नाही किंवा नोंदी ठेवल्या नाहीत, तर प्रत्येक चुकीमागे १०,००० ते १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोंदी

व्यवहाराच्या नोंदी व्यवहाराच्या तारखेपासून पाच वर्षे ठेवायच्या. ओळखीचे कागद त्या ग्राहकाशी संबंध संपल्यानंतर पाच वर्षे. सहा-सहा महिन्यांनी येणाऱ्या घरच्या गिऱ्हाइकाचा संबंध संपतच नाही, म्हणून त्याची फाइल काढून टाकू नका, ताजी करत राहा.

कागद ठेवायचे कसे, याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ग्राहकाच्या आधारचा फोटो सेल्समनच्या खासगी मोबाइलवर घेऊन पेढीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची पद्धत आजच बंद करा. माणूस नोकरी सोडून जातो, फोन त्याच्याबरोबर जातो, आणि दोनशे घरांचे पत्ते व त्यांनी किती तोळे घेतले याची यादी बाहेर पडते. स्कॅन दुकानाच्या संगणकावर, पासवर्डच्या आत. कागद कुलुपातल्या कपाटात, आणि किल्ली प्रमुख अधिकाऱ्याकडे.

रजिस्टर साधे असले तरी चालते, पण रकाने आधीच आखून ठेवा: तारीख, बिल क्रमांक, नाव, ओळखपत्राचा प्रकार, पॅन, रक्कम, पैसे कसे आले, कोणाच्या खात्यातून, बिलधारकाशी नाते, प्रसंग, सोबतची इतर बिले, तपासणाऱ्याची सही. यातला 'सोबतची इतर बिले' हा रकाना छापील रजिस्टरमध्ये मिळत नाही, तो हाताने आखावा लागतो. सहा नावांची सहा बिले एकमेकांना जोडलेली दिसतात ती त्याच रकान्यात. बिल फाडतानाच तो भरायचा. महिनाअखेरीला आठवून भरायला बसले तर कोण कोणाबरोबर आले होते हे कोणालाच सांगता येत नाही.